काकीचं मत आणि भिंतीवरचं चिन्ह

आज गावी, धसईला, काकांनी पुन्हा रस्त्याकडच्या भिंतीला चुना लावायला घेतला आणि त्या वासासरशी मला ती निवडणूक आठवून डोकं तापलं. तेव्हाही मी कॉलेजात ग्रीसमधले राजकीय पक्ष शिकवायचो. मतदानाची सुट्टी होती, म्हणून ओट्यावर बसून वर्गासाठी टिपणं काढत होतो. काकी मत देऊन आली आणि शाईचं बोट नाचवत म्हणाली, "दिलं रे, आपल्या भिंतीवर रंगवलेल्या पक्षाच्या चिन्हालाच." काका ताडकन उठले. "अगो, आपला आमदार साहेब तो पक्ष सोडून गेला ना! ते चिन्ह आता समोरच्यांचं." काकीही गप्प बसणारी नव्हती. "मंग भिंत का नाय पुसली तुमी?" काकांनी चरफडत चुन्याची बादली आणली आणि ते चिन्ह पार झाकून टाकलं. पुढं निकाल लागला, साहेब निवडून आले आणि महिन्याभरात मुकाट्यानं जुन्याच पक्षात परतले. "बघा, माझं मत चुकलं कुठं?" काकी म्हणाली. ग्रीसमध्ये आर्थिक संकटानंतर लोक जुना पक्ष सोडून गेले, असं मी आजही वर्गात शिकवतो. आमच्याकडं लोक तिथंच बसलेत, हातात चुन्याची बादली घेऊन. उठून जातात ते साहेबच.