बाकी आहे तसं राहू दे

कुजबुजराव हे नाव त्यांना नाटकमंडळींनी दिलं आणि ते इतकं चिकटलं, की भांडताना बायकोसुद्धा तेच वापरायची. उभा जन्म विंगेत गेला. हातात संहिता, डोक्यावर मिणमिणता दिवा, आणि समोर नट अडखळला की हलकेच पुढचा शब्द. एकच. प्रॉम्प्टरचा धर्मच तो: नेमका अडलेला शब्द द्यायचा आणि गप्प व्हायचं. अख्खं वाक्य सांगू गेलात तर नट बिचारा आठवत असलेलंही विसरतो.

बायको कपडेपट सांभाळायची. ती गेली, नाटक सुटलं, आणि दोन खोल्यांत बोलायला उरला टेबलावरचा कॉम्प्युटर. परगावच्या लेकीनं त्यात एक मदतनीस बसवून दिला होता. तोंडी सांगावं, त्यानं करावं. सगळे पासवर्ड ठेवायची एक तिजोरीही त्यात होती. ती बायकोनंच हौसेनं भरलेली.

दुपारचं जेवण झालं, की कुजबुजराव बायकोची मेल उघडत. विसरायला नको म्हणून ती स्वतःलाच मेल पाठवायची. ‘राणीच्या झग्याची किनार उसवलीय.’ ‘ह्यांना डॉक्टरकडे न्यायचंय. कुरकुर करतील. लक्ष द्यायचं नाही.’ रोज एकच वाचायची, पुरवून पुरवून.

एकदा मेलवाल्यांनी पासवर्ड बदलायला लावला. कुजबुजरावांनी तो बदलला आणि मदतनिसाला म्हणाले, “तिच्या मेलची नोंद. नवा पासवर्ड घे,” आणि शब्द दिला.

“तुम्ही फक्त पासवर्ड दिलात,” मदतनीस म्हणाला. “नोंद नव्यानं लिहिली तर बाकीचे रकाने रिकामे होतील. चालेल?”

कुजबुजराव वैतागले. विंगेतून शब्द मिळाल्यावर उलट प्रश्न विचारणारा नट त्यांनी पाहिला नव्हता. “हो रे बाबा! चल पुढे!”

तो गेला पुढे.

काही दिवसांनी मेलनं त्यांना दारातच अडवलं. तुम्ही तुम्हीच कशावरून, म्हणे. बायकोनं कधीकाळी निवडलेला प्रश्न पडद्यावर आला: तुमची सगळ्यात जवळची मैत्रीण कोण? उत्तर तिनं तिजोरीत लिहून ठेवलं होतं. कुजबुजरावांनी नोंद उघडली. पासवर्ड तेवढा होता. बाकी सगळं पुसलेल्या फळ्यासारखं.

त्यांनी लेकीला फोन लावला.

“बाबा, त्यानं विचारलं होतं ना?”

“विचारलं. मला वाटलं, बाकीचं त्याला पाठ असेल.”

“अहो, नोंदीतलं हवं तेवढंच बदलता येतं! ‘एवढंच बदल, बाकी आहे तसं राहू दे’, असं म्हणायचं.”

“एवढं लांबलचक?”

लेक हसली, मग गंभीर झाली. “तिजोरी जुने पासवर्ड जपून ठेवते, पण पुसलेलं उत्तर नाही सापडायचं. आणि सारखं चुकीचं भरू नका हं, मेल कायमची बंद होईल.”

“पण तुला ठाऊक असेलच. आईची मैत्रीण.”

“मला वाटलं, तुम्हाला असेल.”

फोन ठेवून कुजबुजराव खुर्चीत बसून राहिले. राजाचं भाषण पाठ, खलनायकाचं पाठ, दारावरच्या शिपायाचं दीड वाक्य पाठ. आणि घरातल्या माणसाचं एवढंसं उत्तर येईना.

शेजारणीला विचारलं. “हे काय विचारणं झालं, भावजी? मीच की!” नाव भरलं. चुकलं.

कपडेपटातल्या शिंपीणबाईंना विचारलं. “दुसरं कोण असणार? माझ्यावाचून तिचं पान हलत नव्हतं.” तेही चुकलं. आता शेवटची संधी, असं पडद्यावर आलं.

राहिली तिकीटखिडकीवरची बाई. कानानं अधू, आवाजानं खणखणीत. “कुजबुजू नका हो! आता तरी तोंड उघडून बोला!”

त्यांनी फोनवर ओरडून विचारलं.

“मी? छे! आमचं चहापुरतं. तिची एक होती, लग्नाआधीची. एका खोलीत राहून दोघी शिवण शिकल्या. ती बिचारी ऐन तारुण्यात गेली. दर वर्षी त्या दिवशी तुमची बायको माझ्या खिडकीत येऊन बसायची. एकदा तिनंच सगळं सांगितलं.” मग तिचाही आवाज खाली आला. “तुम्हाला नव्हतं सांगितलं?”

तिनं एक नाव सांगितलं. एवढ्या संसारात ते कुजबुजरावांच्या कानावर कधी पडलं नव्हतं.

एकेक अक्षर तपासत त्यांनी ते भरलं. मेल उघडली.

“ऐक,” ते मदतनिसाला म्हणाले. “उत्तराच्या रकान्यात हे नाव लिही. एवढंच बदल. बाकी आहे तसं राहू दे.”

“उत्तर भरलं. बाकी कशालाही हात लावला नाही.”

समोर तिच्या मेलची लांबलचक रांग उभी होती. रोज ओळखीची वाटायची; आज परक्या घरात डोकावल्यासारखं झालं. एकही उघडवेना. त्यांनी पुन्हा तिकीटखिडकीवालीचा नंबर फिरवला.

“मीच पुन्हा. वेळ आहे का? ती कशी होती, ते सांगा ना.”

“कोण? ती मैत्रीण?”

कुजबुजराव घुटमळले. “दोघींचंही सांगा,” ते म्हणाले आणि फोन कानाशी घट्ट धरला.