अकरा मात्रा उशिरा

टिंगकाका एकतीस वर्षं शहराच्या वाद्यवृंदात ट्रँगल वाजवत होते. टांगलेला लोखंडी त्रिकोण. कांडी मारली की टिंग होतं. एवढंच होतं.

यंदाच्या सिंफनीत त्यांच्या वाट्याला एकच टिंग आलं होतं, तेही तिसऱ्या भागाच्या अगदी टोकाला. त्या भागाला स्केर्त्सो म्हणतात. शब्दाचा अर्थ थट्टा. संचालक ती कपाळाला आठ्या घालून बसवत. "ही गंमत आहे," ते तालमीत दरडावत, "हसण्यावारी नेऊ नका." श्रोतेही समजूतदार, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखे बसून ऐकत.

टिंगआधी सहाशे चाळीस मात्रा गप्प राहायचं. काकांनी मोजणं केव्हाच सोडलं होतं. स्वरलिपीच्या आड ते विनोदी कादंबरी उघडून ठेवत. सहाशे चाळीस मात्रा म्हणजे त्यांच्या वाचनाच्या वेगाने बरोबर अडीच पानं. अडीच पानं संपली की टिंग. कधी चूक नाही.

मग व्यवस्थापकांनी नोटीस लावली: मोसम संपताच ट्रँगलची जागा रद्द, टिंग झांजवाला मारेल. झांजवाल्याचे दोन्ही हात तेव्हा झांजांत असतात, हे नोटिशीत नव्हतं.

"अहो, आता तरी पुस्तक घरी ठेवा," बायको म्हणाली. "जाता जाता नाव घालवाल."

"नाव कुठलं? टिंग आहे." काकांनी पुस्तक कोटात सरकवलं.

त्या संध्याकाळी कादंबरीतला एक साहेब चुकून स्वतःच्याच शोकसभेला पोचला आणि भाषणांतल्या तारखा दुरुस्त करू लागला. काकांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा. तोवर स्केर्त्सो संपला होता. सभागृह चिडीचूप, संचालकांचा हात अजून हवेत.

टिंग.

तिसऱ्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळं सभागृह हसलं. संचालकांचे कान लाल झाले.

सकाळी वर्तमानपत्रात समीक्षकाने लिहिलं, 'या रचनेतला खट्याळपणा आजवर कागदावरच होता. ते उशिराचं टिंग ही संचालकांच्या प्रतिभेची कमाल.'

काका जीव मुठीत धरून संचालकांच्या खोलीत गेले. टेबलावर ते कात्रण होतं.

"किती मात्रा चुकलात?"

"मोजल्या नाहीत, साहेब. एक वाक्य तीनदा वाचलं."

"अकरा. मी मोजल्या. यापुढे रोज अकराच चुकायचं. तुमची जागा राहील, मी बोललोय. पुस्तक मात्र बंद. अशी चूक लक्ष देऊन करावी लागते."

तेव्हापासून काका सहाशे एक्कावन्न मोजतात. टिंग होतं, लोक हसतात. काकांना त्यातली गंमत कळत नाही.

"जागा राहिली ना? मग घरी वाचा की निवांत," बायको म्हणाली.

"वाचून पाहिलं. हसूच येत नाही. घरी अडवतंय कोण?"

"बरं, मग मुकाट्याने बसा. माझी मालिका लागलीय. हूं का चूं ऐकू आलं तर बघा."

काकांनी वर्तमानपत्र उघडलं, त्याच्या आड पुस्तक धरलं, आणि पहिल्याच पानावर त्यांचे खांदे गदगदू लागले.