मामंजींचं गाऱ्हाणं

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या जिभेला हाड नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी त्यांचं कौतुक करत सुटले, की तुम्हाला वाटायचं कुणी तरी समईसारखी शांत बाई असेल. समईबिमई काही नव्हत्या त्या. कोळणीशी भांडायला लागल्या की चार घरांपलीकडची माणसं अंगणात येऊन ऐकत.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी लग्न होऊन मालवणजवळच्या त्या किनाऱ्यावरच्या गावात आले, तेव्हा नवऱ्याला मुंबईत जागा मिळालेली नव्हती, म्हणून मी सासरीच राहिले. घरात माणसं तीन: मी, जाऊबाई आणि मामंजी, म्हणजे आमचे सासरे. थोरले दीर लग्नानंतर लवकरच तापाने गेलेले, जाऊबाईंना मूलबाळ नाही. मामंजी एके काळचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. मचव्यावर त्यांची हाक वाऱ्याच्या वर चढायची म्हणे. मी पाहिले ते अर्धांगाने उजवी बाजू गेलेले. तोंड वाकडं झालेलं, बोललेलं कुणाला कळत नसे. जाऊबाईंना मात्र सगळं कळायचं. वर्षभरात मलाही बरंचसं उमगू लागलं, पण त्या असताना ते कुणाला सांगायची पाळी माझ्यावर येत नसे.

त्या मामंजींचं करायच्या ते बघत राहावं असं होतं. सकाळी कोमट खोबरेल तेल लावून अंग रगडायचं, दिवसभर कूस बदलून द्यायची. इतकी वर्षं अंथरुणात काढून त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. पेज भरवताना म्हातारा रुसून तोंड मिटायचा, की ह्या कडाडायच्या, "तांडेल मा तुमी? मगे मारा वल्ह्या! हात हलवा, तेच्याशिवाय पेज गावची नाय!" आणि मामंजी हसत हसत तो मेलेला हात बोटभर उचलायचे. संध्याकाळी आम्ही दोघी त्यांना धरून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, खुर्चीवर बसवायचो. येणाराजाणारा दोन शब्द बोलून जायचा. "माणसाक भिंतीकडे तोंड करून ठेवचा नाय," जाऊबाई म्हणायच्या. "तो मगे भिंतच होवन जाता."

ह्या सगळ्याला पैसा लागायचा आणि तो मुंबईहून यायला हवा होता. मधल्या दिरांना वाटे धाकट्याने पाठवले असतील, धाकट्याला वाटे मधल्याने. धाकटा म्हणजे माझाच नवरा. त्याला तरी मी का झाकू? पोस्टमन दारावरून सरळ पुढे जायचा. जाऊबाई मग दुसऱ्यांच्या माडांच्या झावळ्यांची चुडतं विणून दुधाचं भागवायच्या आणि वर मामंजींना सांगायच्या, झिलांचे, म्हणजे मुलांचे पैसे आले म्हणून.

त्या वर्षी चतुर्थीला दोघे भाऊ आले. पावसाळ्यामुळे आगबोटी अजून बंद, म्हणून एसटीने हाडं खिळखिळी करून घेत आले. आल्या दिवशी संध्याकाळी मधल्या दिरांनी ठरवून टाकलं, "बाबांक मी मुंबैक नेतंय. गॅलरीत खाट घालूया. घराक कुलूप. वयनी जातली माहेराक."

माहेरी त्यांचे आईवडील उरले नव्हते. भाऊ होता, त्याने कित्येक वर्षांत बहिणीची चौकशी केलेली नव्हती. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. त्या फक्त "बरा" म्हणाल्या आणि आत जाऊन मामंजींची कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूजा झाली. आमच्याकडे पूजेनंतर घरातला कर्ता पुरुष देवापुढे गाऱ्हाणं घालतो. घरादारासाठी जे मागायचं ते मोठ्याने मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा म्हटलं की ते मोडायची कुणाची छाती होत नाही. मामंजी पडल्यापासून एक चुलत दीर ते घालायचे. त्या दिवशी ते उभे राहिले, तर मामंजींनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं. गाऱ्हाणं ते स्वतः घालणार होते. सगळी भावकी जाऊबाईंकडे बघायला लागली. त्यांनी पदर खोचला आणि खुर्चीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

मामंजी काहीतरी पुटपुटले. जाऊबाईंचा आवाज लागला, "बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो तांडेल तुझ्या पायाकडे बसलो आसा. तेका ह्या घरातसून खंयच जावचा नाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मधल्या दिरांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. आपण काय म्हणून बसलो हे त्यांना नंतर कळलं.

"दोनय झिलांनी म्हयन्याच्या म्हयन्याक बापाशीच्या दुधाक, औषधाक पैशे धाडूचे. ह्येणा धाडले आसतीत म्हणान तेणा गप रवाचा नाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझ्या नवऱ्याचे कान लाल झाले होते.

मामंजी चार अक्षरं बोलत आणि जाऊबाई त्यांचं पुराण करत. पण दरवेळी मामंजींची मान जोरजोरात हलत होती आणि तोंडाची चांगली बाजू हसत होती. मला त्या दोघांचा असा अभिमान वाटला, की टाळ्या पिटाव्यात.

मग मामंजी आणखी काही बोलले, सावकाश. जाऊबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"काय म्हणतत बाबा?" मधल्या दिरांनी विचारलं.

"काय नाय. झाला गाऱ्हाणा."

मामंजींनी खुर्चीच्या दांडीवर हात आपटला. तेच शब्द पुन्हा बोलले, ह्यावेळी माझ्याकडे बघून. मला कळले होते. थोरामोठ्यांसमोर मी तोवर कधी आवाज काढला नव्हता. तरी उठले.

"बा देवा म्हाराजा! मामंजी म्हणतत, ह्या थोरल्या सुनेन माका पोटच्या चेडवासारख्या सांभाळल्यान. माझ्या मागसून ह्या घर हिचा. हिका हयसून कोणी उठवचा नाय, रे म्हाराजा!"

जाऊबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत होते.

पहिला होकार मामंजींचा आला. तो वाकड्या तोंडातूनच आला, पण कुणाला समजावून सांगावा लागला नाही. त्याच्या मागोमाग माझ्या नवऱ्याचा, मग मधल्या दिरांचा आणि मग सगळ्या भावकीचा.