मैलाच्या दगडावर नसलेलं नाव

काल घराच्या गेटला हिरवा ऑइलपेंट दिला आणि त्या वासासरशी मी फाट्यावरच्या मैलाच्या दगडापाशी जाऊन पोचलो.

साताऱ्याकडून खाली सांगलीत उतरणाऱ्या राज्यमार्गावर तेव्हा माझा उसाच्या रसाचा गाडा नवा होता. डांबरावर ऊन लवलवत होतं. सरकारी कामावरचा एक म्हातारा रंगारी दगडाचा माथा हिरवा करून खालच्या पांढऱ्यावर काळी अक्षरं काढायला बसला होता. मी आलं-लिंबू घातलेल्या रसाचा ग्लास त्याच्या हातात दिला.

"आवं, तेवढं आमच्या गावाचं नाव लिवा की. फाट्यापास्नं आत अर्ध्या कोसावर हाय."

"घोट तरी घिऊ दे रं," तो म्हणाला.

तीन ग्लास रिचवून त्यानं सावकाश पुढच्या मोठ्या गावाचं नाव, 'पलूस', लिहिलं, खाली अंतर घातलं आणि ब्रश पुसला. "कागदावर हाय तेवढंच लिवतो, गड्या. रस मातुर लय ग्वाड."

मी भडकून त्याचा रंगाचा डबाच उचलून धरला.

चरकात ऊस सारत बायको म्हणाली, "द्या तो डबा. नाव न्हाई म्हणून तर गाड्या हितं थांबून वाट इचारत्यात. थांबलेला माणूस रस पिऊनच जातोय न्हवं?"

तेव्हा मला ती फितूर वाटली होती. आज गाड्याच्या जागी माझं पक्कं हॉटेल आहे आणि वाट विचारणारे अजून थांबतात. रंगाऱ्यावरचा राग काही गेलेला नाही. गावाच्या पाटीसाठी मी दरवर्षी कडक अर्ज लिहितो. पोस्टात टाकायचा तेवढा राहून जातो.