पितळी काडतुसं

परवा चिंच लावून पितळेचा तांब्या घासताना तो आंबट वास हाताला लागला आणि खोडदच्या आमच्या ओट्यावरची एक दुपार आठवली. आदल्या आठवड्यात बिबट्यानं धाकट्या दिरांची चार वर्षांची मुलगी उसाच्या कडेनं उचलून नेली होती. दीर रडले नाहीत. त्यांनी सासऱ्यांची लायसनची बंदूक काढली आणि झाडलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या पुन्हा भरायला म्हणून माझ्यापुढे ओतल्या. "वैनी, लख्ख घासून द्या," एवढंच म्हणाले. मी घासत होते, त्या मुलीची आई, माझी जाऊ, फडक्यानं पुसून त्या उन्हात मांडत होती. सासरे एकेक नळी डोळ्याशी धरून चीर पाहायचे, मग दीर नळीच्या बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवून आत दारू, पुठ्ठ्याची चकती, छर्रे ठासायचे. दोन-चार दिवसांत वनखात्यानं लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला. त्यांची गाडी त्याला न्यायला यायच्या आधीच दीर बंदूक घेऊन तिथं गेले, आणि तशीच घेऊन परत आले. जावेनं दारातच विचारलं, "मारला का?" ते उंबऱ्यावर बसले. "कोपऱ्यात थरथरत व्हता. आन् त्योच व्हता का दुसराच, कुणाला ठाव?" मग मात्र ते रडले, आणि जाऊ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पुढे त्यांना दुसरी मुलगी झाली. ती आता मंचरला कॉलेजात जाते. तिची एसटी उशिरा आली की दीर फाट्यावर जाऊन उभे राहतात. त्यांना घरी बोलवायला आम्ही कुणी जात नाही.