गोजरच्या भिंतीवरचे तेलकट अंगठे

शेणव्याच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. त्या वाडीत एके वर्षी कुजबुज उठली, की काळूरामची बायको गोजर लोकांच्या खुरासणीतलं तेल ओढते. कसं ओढते, तेही लोकांना अगदी पाठ होतं. म्हणे तिच्या घराच्या मागच्या भिंतीवर तेलकट अंगठ्यांच्या ओळी आहेत. वाडीत जितकी घरं तितके अंगठे. एकेक अंगठा एकेका घराच्या नावाचा. अंगठा उमटला, की त्या घरच्या बियांतलं तेल उठून गोजरच्या बियांत जाऊन बसतं. ही खबर देणारी प्रत्येक बाई आधी इकडेतिकडे बघायची, "माझ्या तोंडून गेलं म्हणून सांगू नको हां गो," असं बजावायची, आणि मग विहिरीवर जाऊन ती खबर स्वतःच फोडायची.

मोठी लढाई लागायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा शहापूर-मुरबाडच्या उतारांवर भात नाही तिथे नाचणी, वरी आणि खुरासणी. घाटावरचे लोक तिला कारळे म्हणतात. दिवाळीच्या सुमाराला सगळा डोंगर पिवळ्या फुलांनी हळद लागल्यासारखा दिसायचा. भाजीला तेल खुरासणीचं, डोक्याला तेच आणि देवापुढच्या दिव्यालाही तेच.

गोजर मुरबाड तालुक्यातली, टोकावड्याच्या बाजूची. ती सासरी आली तेव्हा तिच्याबरोबर चार भांडी आली, लुगडी आली आणि एक वाईट खोड आली. तेलाचा हात ती भिंतीला पुसायची. सासूने पांढऱ्या मातीने भिंत लखलखीत सारवावी आणि सुनेने तिला अंगठा लावावा.

"तुझ्या बापाच्या घरी फडकी नव्हती काय गो?" सासू ओरडायची.

गोजर मान खाली घालायची आणि पुढच्या खेपेला सासू नसलेली बाजू बघून पुसायची.

त्याच खोडीने तिला एक गोष्ट दाखवली. सुगीत खुरासणीची बोंडं चोळताना ती सवयीने चार दाणे दगडावर चिरडून बघायची आणि अंगठा भिंतीला टेकवायची. एका झाडाच्या बियांचा डाग तिथल्या तिथे राहायचा, तर दुसऱ्याचा पसरून चांगला रुपयाएवढा व्हायचा. चिमूट तीच, दगड तोच, अंगठाही तोच. मग हा फरक झाडाचाच असणार, असं तिच्या मनाने घेतलं. तेव्हापासून ती मुद्दाम चांगली झाडं वेगळी काढायची, प्रत्येकाच्या चिमूटभर बियांचा ठसा भिंतीवर घ्यायची आणि ज्याचा डाग मोठा त्याचं बी गाडग्यात राखून ठेवायची.

पण खुरासणी ही मोठी नखरेल जात. पहिल्या वर्षी गोजरने सगळ्यांत मोठ्या डागाच्या बियांतलं एक झाड निवडलं आणि त्याच्यावर कुणाची नजर नको, कुठल्या मधमाशीचा पाय नको, म्हणून जुन्या लुगड्याचा तंबू ठोकला. झाड फुललं झकास. सुगीला बोंडं फोडली तर आत नुसता भुसा.

काळूराम पोट धरून हसला. "बायको करून आणलीस आन् नवऱ्याला घरात घेतलं नायस. पोर कुठून होनार?"

तो बोलला थट्टेत, पण गोजरला त्यातलं मर्म कळलं. खुरासणीला एकटीने संसार जमत नाही. तिला जोडीला दुसरं झाड लागतं आणि मध्ये निरोप पोचवायला मधमाश्या लागतात. दुसऱ्या वर्षी तिने राखलेलं बी आपल्या शेतात, सगळ्यांच्या खुरासणीला लागून पेरलं. बी भरलं, पण पुढच्या पिढीचे डाग पुन्हा बारके. आता मात्र ती स्वतःच हसली. आई खानदानी, पण बाप बांधापलीकडचा कोणीतरी! मधमाश्यांनी परस्पर सोयरीक जुळवली होती.

तिसऱ्या वर्षापासून तिने खिंडीपल्याडचा माळ धरला. तिथे दुसऱ्या कुणाची खुरासणी नव्हती आणि कड्याला मोहोळ होतं. मोठ्या डागांची सगळी झाडं एकत्र, आपापसांत. आईकडून पाहिलेलं आणि बापाकडूनही पाहिलेलं. दरवर्षी ठसे, दरवर्षी निवड.

वाडीतलं सगळं बी कोंडू तेल्याच्या घाण्यावर जायचं. कोंडू तेल ज्या तांब्याच्या घागरीत धरायचा, तिला पोटाशी एक पोचा होता. एका घाणीचं, म्हणजे घाण्यात एका वेळी घातलेल्या बियांचं, तेल त्या पोच्यापर्यंत आलं, की माणूस खूश. गोजरचं तेल आधी पोच्याच्या बोटभर वर गेलं, मग चार बोटं, आणि मग गळ्याकडे निघालं.

शेजारच्या जिवलीला हे सोसेना. आजवर पोच्याचा मान तिचा होता. एके दिवशी ती विस्तव मागायला म्हणून आली, परसात डोकावली आणि अंगठ्यांच्या ओळी पाहून विस्तव न घेताच पळाली. पुढचं विहिरीवर झालंच.

शेवटी देवळापुढे बैठक बसली. महिपत पाटील मध्ये. त्यांनी सरळच सांगितलं, "गोजर, तुझ्यावर आळ हाय. खोटा असंल तर दाखव. नाय दाखवलंस तर सुगी झाली की माहेरी जायाचं. कायमचं."

गोजरचं घर, माळ, पाच-सहा वर्षांचं राखलेलं बी, सगळं एका वाक्यात गेलं.

काळूराम उठला. "ती गेली तर मी पन जानार. पन पाटील, माझी सासू लय बोलते. माझा पन इचार करा."

लोक हसले आणि तेवढ्यात गोजरला धीर आला. तिने डोक्यावरचा पदर नीट केला. "महिपतदादा, तुमच्या खोंडाकडं पार मुरबाडवरनं गाई आनतात. त्या कशाला?"

पाटलांची मान ताठ झाली. "वंश हाय त्याचा!"

"तसा खुरासणीला पन वंश हाय. एका झाडात तेल जास्त, एकात कमी. ठसे त्या झाडांचे हायत. आमी जास्तीवालीच राखतो."

"झाडाला कसला गो वंश?" जिवली मागून किंचाळली. "झाडं काय लग्न करतात?"

"करतात तर. एकटं ठेवलं की पोर होत नाय. मी ठेवून बघितलंय."

बाप्ये खो खो हसले, बायकांनी पदर तोंडात कोंबले. पण कुणाला खरं वाटलं नाही. मग गोजर म्हणाली, "माझं बी जिवलीबायला द्या. तिनं पेरावं, तिनं काढावं, तिनं घाण्याला न्यावं. मी हात लावनार नाय. एकच सांगते, खिंडीपल्याड पेरा. जवळ दुसरी खुरासणी नको."

ठरलं. जिवलीने ते बी गोमूत्र शिंपडून घेतलं, शेताच्या चारी कोपऱ्यांना लिंबू-मिरच्या बांधल्या, काढणीला स्वतः गेली. घाण्याकडे येताना बैलगाडीत ती त्या गोणीवरच बसून आली. गोजरला घाण्याजवळ येऊ द्यायचं नाही असं ठरलेलं. ती ओहोळापल्याड उंबराखाली बसली. तिथून तिला घाण्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

कोंडूने सगळ्यांसमोर घाणा पुसून कोरडा केला, घागर उपडी करून दाखवली. बैल फिरू लागला. तेलाची धार पडली. लोक वाकून वाकून घागरीत बघत होते. पोचा बुडाला. चार बोटं वर गेलं. गळा आला. धार काही थांबेना.

"अरे, दुसरं भांडं आना रे!" कोंडू ओरडला.

एकाने धावत तपेली आणली. काळूराम अगदी आदराने म्हणाला, "जिवलीबाय, तू कोनाचं ओढलंस गो?"

हसण्याचा असा कल्लोळ उठला, की घाण्याचा बैलच थबकला. जिवली लाल झाली, पांढरी झाली. चेटकीण व्हायचं की गोजरला निर्दोष म्हणायचं, एवढे दोनच रस्ते उरले होते. तिने तिसरा काढला. "माझा हातगुनच तसा हाय," म्हणाली, आणि दोन्ही भांडी उचलून घराकडे निघाली.

काळूराम ओहोळ ओलांडून गेला. "पोच्याच्या वर?" गोजरने विचारलं.

"दुसरं भांडं लागलं."

ती उठली आणि पाणी उडवीत, घाण्यावरच्या गर्दीतून, पाटलांच्या अंगावरून सरळ पुढे गेली. आधी चिमूटभर पेंड उचलून तिने वास घेतला, मगच पाटलांकडे बघितलं. पाटील टोपी सारखी करत म्हणाले, "मला पन पायलीभर बी ठेव गो."

"सगळ्यांना देते," गोजर म्हणाली, "पन पेरायचं तर सगळ्या उतारावर हेच. एकानं जरी जुनं पेरलं, तरी माश्या सगळ्यांची सोयरीक बिघडवतील."

पुढे लढाई लागली, रॉकेल मिळेनासं झालं, आणि तानशापासून मुरबाडपर्यंतची माणसं त्या वाडीत बी मागायला येऊ लागली. गोजर माहेरीही गेली. गोण्यांनी भरलेल्या गाडीवर बसून गेली, आठ दिवस राहिली आणि गाडी रिकामी करून परत आली. तोवर जिवलीने तिची मागची भिंत पांढऱ्या मातीने सारवून ठेवली होती. ती शिक्षा नव्हती. नव्या सुगीच्या ठशांना जागा उरली नव्हती, आणि आता जिवलीला स्वतःचे चार ठसे घ्यायचे होते.

भिंतीवरचे अंगठे खुरासणीच्या झाडांचे होते, एका झाडाचा एक. वाडीत कुणाचंही तेल थेंबभर कमी झालं नव्हतं. गोजरचं वाढलं होतं.