मिरचीबरोबरची पुरचुंडी

मी चौथी शिकले. नात पदवीच्याही पुढे गेली. दोन वर्षांचं शिक्षण, निम्मं इंटरनेटचं आणि निम्मं धंद्याचं. काय शिकवतात असं एकदा विचारलं. म्हणाली, गिऱ्हाइकाने सांगायच्या आधीच त्याला काय हवंय ते ओळखायला शिकवतात. मी म्हटलं, ते मला चाळीस वर्षं कळतंय. तिथे तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

मी डंकी चालवते. विजेवर वरखाली होणारी लोखंडी मुसळं आणि खाली खल. नवी मुंबईत सीवूड्सच्या मॉलमागे आमचं गावठाण आहे, तिथे घराच्या तळमजल्यावर ती बसवली आहे. होळी झाली की गावातल्या बायका गच्चीवर मिरच्या वाळवतात आणि वर्षाचा मसाला माझ्याकडे कुटून नेतात. मिरची गोणीत असते. धणे, दगडफूल, नागकेशर वगैरे भाजून, मोजून, फडक्याच्या पुरचुंडीत बांधलेलं असतं. पुरचुंडी बाई स्वतः सोडते, स्वतः खलात ओतते आणि कुटून होईपर्यंत शेजारी बसते. जाताना एक मूठ मसाला माझ्या वाटीत ठेवते.

माप विचारायचं नाही. सासू सुनेलासुद्धा लवकर सांगत नाही. पण इतकी वर्षं खलापाशी बसल्यावर डोळे मोजतातच. सगळ्या घरांची मापं मला ठाऊक होती आणि एका घरचं माप दुसऱ्या घरी मी कधी सांगितलं नव्हतं. म्हणून बायका येतात. तुर्भ्याला मोठ्या गिरण्या आहेत, तिथे काम लवकर होतं. तरी माझ्याकडेच येतात.

शेवटच्या परीक्षेला नातीला एक प्रोजेक्ट होता. घरात जे आहे त्यातून इंटरनेटवर धंदा उभा करून दाखवायचा. सरांनी विचारलं, दुसऱ्या कुणाकडे नाही असं तुझ्याकडे काय आहे? ती म्हणाली, आजी.

त्या हंगामात बायका निघून गेल्या की ती लॅपटॉप घेऊन पायरीवर बसायची. ती विचारायची, मी सांगायची. मी बोलतेय आणि कुणीतरी लिहून घेतंय असं माझ्या जन्मात झालं नव्हतं. मला बरं वाटलं. ते लपवत नाही. कोण मेथी घालत नाही, कोण नागकेशर दुप्पट घालते, सगळं सांगितलं. शेजारणीच्या मापापाशी मात्र थांबले. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या आळीत आलो. तिच्यासारखा मसाला गावात नाही.

"आजी, कॉलेजपुरतंच आहे," नात म्हणाली.

मी सांगितलं. ती दगडफूल भाजत नाही, उन्हात तापवते. किलोला अकरा त्रिफळं.

नात चांगल्या मार्कांनी पास झाली. मग एक दिवस तिने मला फोन दाखवला. वर लाल मसाल्याचा फोटो, खाली मापं. मी हळू वाचते, पण वाचते. अकरा त्रिफळं.

"हे कुणाला दिसतं?"

"सगळ्यांना. टेन्शन घेऊ नको, नावं काढून टाकलीत मी. कुणाचं कुठलं ते कळणारच नाही."

"जिचं तिला कळेल."

ती हसली. मी काढून टाक म्हटलं. दोन दिवसांनी येऊन म्हणाली, सरांनी ते ओळखीच्या एका मसाल्याच्या कंपनीला पाठवलंय, आता तिच्या हातात नाही. शिवाय यातला कुठला मसाला घ्याल असं विचारून तिने ते गावातल्या बायकांच्या ग्रुपवरही टाकलं होतं. किती जणींनी बघितलं तेही तिला फोनवर कळत होतं. सगळ्यांनी बघितलं होतं. उत्तर एकीचंही नव्हतं.

मला कुणी काही बोललं नाही. गणपतीत आरतीला भेटल्या, गुडघे कसे आहेत विचारलं. मसाल्याचा विषय कुणी काढला नाही. दारात येऊन भांडल्या असत्या तर मला झोप लागली असती.

यंदा होळी झाली. गच्च्या लाल झाल्या. मी डंकीला तेल घातलं, मोटरचा नवा पट्टा चढवला आणि बसले. आठ दिवस कुणी आलं नाही. नवव्या दिवशी शेजारीण गोणी घेऊन आली आणि नेहमीच्या जागी बसली. मी तिच्या हातांकडे पाहिलं.

"पुरचुंडी?"

"या वर्साला नुसती मिरची हाय. तेवढी कुटून दे. बाकीचा मी घरा खलबत्त्यान कुटीन."

तिची मनगटं संधिवाताने वाकडी झाली आहेत. पाण्याचा तांब्या ती दोन्ही हातांनी धरते.

"तुला जमाचा नाय."

"जमल."

मी डंकी सुरू केली. नुसत्या मिरचीचा खकाणा घशात बसतो. ती खोकत राहिली, पण उठली नाही. शेवटी तिने खल फडक्याने पुसून घेतला. माझी वाटी तिथेच होती. तिने वाटीकडे पाहिलं आणि गोणीचं तोंड बांधलं. दुपारपर्यंत खालच्या आळीतल्या दोघी आल्या. त्यांच्याकडेही पुरचुंडी नव्हती.

संध्याकाळी नात आली. कंपनीला यंदाचीही मापं हवी होती. ती पायरीवर बसली, लॅपटॉप उघडला.

"आजी, आज कोण कोण आलं? काय काय आणलं?"

"मिरची."

"आणि?"

तिची बोटं बटणांवर थांबून होती. मी डंकीचा नवा पट्टा उतरवायला घेतला.